उजवा पंप, चालू

कागोशिमा
९ एप्रिल

नोबुयुकी,

सकुराजिमा ज्वालामुखीची राख आज पुन्हा वाळत घातलेल्या कपड्यांवर पडली. हवामानाचं एवढं पुरे.

तुझ्या कॉकपिटला पारितोषिक मिळाल्याचं वर्तमानपत्रात वाचलं. फोटोत तू त्या लांबलचक काचेसमोर उभा आहेस. खाली लिहिलं होतं, ‘एकही बटण नाही.’ अभिनंदन. टाय फुसाएने बांधून दिला असणार. तुला अजून गाठ जमत नाही.

फोन करणार होतो, केला नाही. फोनवर तू गोड बोलतोस. कागदावर निदान आपलं वाक्य आपल्याला दिसतं.

तुझं एक वाक्य अपघाताचा अहवाल निघाल्यापासून मी वाचतो आहे. तांत्रिक भाग तू लिहिलास, त्यात आहे: ‘सहवैमानिक कामिझोनो यांच्या बोटाचा काचेला नकळत स्पर्श झाल्याने उजवा इंधनपंप बंद पडला.’ डावं इंजिन आम्ही चाचणीसाठी मुद्दाम बंद ठेवलं होतं. पंप गेला तसं उजवंही गेलं. खाली इसेचा उपसागर होता. कामिझोनो मेला. माझं कमरेचं हाड मोडलं.

नकळत नव्हतं. मी शेजारी बसलो होतो. त्याने काचेवरच्या पंपाच्या चित्रावर बोट टेकवलं आणि ‘उजवा पंप, चालू’ असं पुकारलं. पंप चालू आहे याची ती खात्री होती, मी शिकवली होती तशी. बोट टेकव, नाव पुकार, मगच पुढचं काम. खऱ्या बटणाला बोट टेकलं तर काही होत नाही. ते दाबलं जायची वाट बघतं. तुझ्या काचेने टेकणं म्हणजेच दाबणं असं धरलं.

अहवाल निघाल्यावर कामिझोनोची आई मला भेटायला नागोयाच्या इस्पितळात आली. मकुराझाकीहून आली, दोन गाड्या बदलून. सुकवलेल्या कात्सुओ माशाचा डबा तिने खाटेशेजारी ठेवला, जमिनीवर बसली आणि कपाळ फरशीला लावलं. माझ्या मुलाच्या चुकीमुळे तुमचा जीव धोक्यात आला, त्याला क्षमा करा, असं म्हणाली. मला अजून उठता येत नव्हतं. नर्स येईपर्यंत ती तशीच होती.

मी सूड घेणार आहे. तुला आधी सांगतो, कारण तू माझ्या बहिणीचा नवरा आहेस.

मी सध्या जिथे शिकवतो ती बेटांवर जाणारी विमान कंपनी तुझी विमानं घेणार आहे. नोव्हेंबरमध्ये तुमच्या सिम्युलेटरवर परीक्षा आहे. मंत्रालयाची माणसं असतील. आमचे सहा वैमानिक येतील. त्यांना मी तयार करतो आहे.

सेइजी


नागोया
२ मे

दादा,

पत्र मिळालं. फुसाएला दाखवलं नाही. तिची तब्येत बरी आहे.

तुम्ही रागावलेले आहात हे मी समजू शकतो. पण जे खरं आहे ते लिहितो. जुन्या कॉकपिटमध्ये बटणांची भिंत होती, मागे मैलोन्‌मैल तारा. अर्ध्या अपघातांत वैमानिक त्या भिंतीत हरवलेले असत. माझी काच त्या क्षणी लागेल तेवढंच दाखवते. तीस वर्षांनी लोकांना बटणांचं तेवढंच आश्चर्य वाटेल जेवढं आज आपल्याला टेलिफोनच्या तबकडीचं वाटतं. तुम्हाला ते आवडणार नाही. तुम्ही मोबाईलसुद्धा बोट ओलं करून चालवता.

आता बोट टेकवण्याबद्दल. बोट दाखवून पुकारायची शिस्त आपल्या देशात सगळे पाळतात. आगगाडीचा चालक सिग्नलकडे बोट दाखवतो, पण हवेत. तो सिग्नलला जाऊन शिवत नाही. टेकवायला तुम्ही शिकवलंत, तुम्ही एकट्याने. जगातला दुसरा कुठलाही वैमानिक कामिझोनोसारखा काचेला बोट लावून थांबला नसता. ‘नकळत’ हा शब्द मी मुद्दाम मऊ निवडला होता. याहून कठोर शब्द मला येत होते.

नोव्हेंबरमध्ये तुम्ही येऊ नये असं मला वाटतं. वैमानिकांना पाठवा.

नोबुयुकी


कागोशिमा
२० जून

नोबुयुकी,

टेकवायला मी का शिकवतो ते तुला ठाऊक आहे, तरी लिहितो. कॉकपिटमध्ये एकदा माझ्यासमोर धूर भरला होता. डोळे उघडता येत नव्हते. चाकं खाली सोडायच्या दांड्याला टोकाशी चाकाचा आकार असतो, पंखाच्या दांड्याला पंखाचा. ज्याने हे बनवलं त्याला धूर माहीत होता. मी हाताने वाचत गेलो आणि उतरलो. त्या दिवसानंतर माझा एकही विद्यार्थी हवेत बोट दाखवत नाही.

आता या सहा जणांबद्दल. वर्गाच्या भिंतीवर तुझ्या काचेचा कागदी नकाशा लावला आहे, खऱ्या मापाचा. रोज सकाळी सहाही जण त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसतात. बोट टेकव, पुकार, उचल. पंपाच्या जागी कागद मळला आणि फाटला, आम्ही दुसरा लावला.

यांच्यात हिदाका नावाची मुलगी आहे. तनेगाशिमा बेटाची, बोलायला तिखट. मी पहिल्या दिवशी हळू बोललो तर म्हणाली, सर, हे आम्हाला सांगताय की स्वतःला? परवा तिने विचारलं, कागदाचं ठीक आहे, पण खऱ्या काचेला बोट लागलं की पंप बंद होईल ना?

मी म्हटलं, होऊ दे. मंत्रालयाच्या लोकांसमोर होऊ दे. सहाही जणांचा होऊ दे.

ती नकाशाकडे वळली. मग बोट टेकवलं आणि पुकारलं.

तू म्हणालास की जगातल्या दुसऱ्या कुठल्याही वैमानिकाने असं केलं नसतं. नोव्हेंबरमध्ये तुला सहा दिसतील.

सेइजी


नागोया
११ जुलै

दादा,

तुमचं पत्र वाचून रात्रभर झोप आली नाही. मला माझ्या काचेची काळजी नाही, तिचं मी बघून घेईन. तुम्ही सहा तरुणांच्या हातात एक सवय घालता आहात आणि ती चुकीच्या वेळी बाहेर यावी अशी इच्छा धरून बसला आहात, हे मला झेपत नाही. उद्या ते दुसऱ्या कुणाच्या काचेसमोर बसतील. तुम्हाला एक मुलगा पुरला नाही का?

हे वाक्य मी खोडणार होतो. राहू दे.

आता एक सांगतो. कधीच सांगणार नव्हतो. अपघातानंतर तुम्ही अनेक आठवडे बेशुद्ध होतात. समितीला एक नाव हवं होतं. कप्तान तुम्ही होतात. बोट टेकवायचं शिक्षण तुमचं होतं. तांत्रिक भागाचा माझा पहिला मसुदा तसाच होता, तुमच्या नावाचा. तुमचा परवाना गेला असता, पेन्शन गेलं असतं, कदाचित खटला. फुसाएने तो माझ्या टेबलावर वाचला. ती स्वयंपाकघरात जाऊन बसली, परत आली आणि म्हणाली, जो गेला त्याचं आता काय बिघडणार आहे?

मी वाक्य बदललं. तुम्ही आज शिकवता आहात ते त्या वाक्यामुळे. मला वाटलं होतं, कधीतरी कळेल आणि तुम्ही आभार मानाल.

सूड कुणावर घेताय ते एकदा नीट बघा.

नोबुयुकी


कागोशिमा
३ ऑगस्ट

नोबुयुकी,

पाहिलं.

कप्तान म्हणून माझं नाव लिहिलं असतंस तर मी सही केली असती. शुद्धीवर यायची वाट बघायला हवी होतीस. मला न विचारता मला वाचवलंत, आणि त्यासाठी ज्याला तोंड नाही असा माणूस निवडलात. त्याचं काय बिघडणार होतं ते मी फरशीवर पाहिलं.

पण तुझ्या दोन्ही मसुद्यांत एक गोष्ट सारखी आहे, नोबुयुकी. पहिल्यात मी, दुसऱ्यात तो. काच कुठेच नाही.

फुसाएबद्दल मी वेगळं बघेन. नोव्हेंबरमध्ये मी येणार आहे.

सेइजी


नागोया
१४ ऑक्टोबर

दादा,

या. सगळ्यांना घेऊन या.

मी दोन महिने विचार केला आणि आता मला भीती वाटत नाही. तुमच्या सहाही जणांना बोट टेकवू द्या, हवं तर तळहात टेकवू द्या. माझी काच तयार आहे. परीक्षा संपल्यावर मला दहा मिनिटं बोलायला दिली आहेत. तेव्हा तुम्ही पुढच्या रांगेत बसा, नीट ऐकू येईल. वय झालं की कमी ऐकू येतं म्हणतात.

तुमच्या कंपनीच्या पाहुण्यांच्या यादीत एक जागा प्रवाशांच्या वतीने आहे, नाव लिहिलेलं नाही, बेटांवर नेहमी ये-जा करणारी कुणी बाई एवढंच. हरकत नाही. प्रवाशांनीही बघावं.

नोबुयुकी


नागोया
२४ नोव्हेंबर

दादा,

तुम्ही दारापाशी उभे होतात. तिथून तुम्हाला सगळं दिसलं नसेल, म्हणून लिहितो. आणि शेवटी एक प्रश्न विचारायचा आहे.

तुमच्या सहाही वैमानिकांनी बोट टेकवलं. सहाही वेळा काचेने काही केलं नाही. मंत्रालयाचे लोक मान हलवत होते. मी तुमच्याकडे बघितलं. मला वाटलं होतं तुमचा चेहरा पडेल. तुम्ही चष्मा पुसत होतात.

मग मी बोललो. तुम्हाला माहीत आहे मी कसा बोलतो. मी सांगितलं की आमची काच स्पर्श आणि दाब यांतला फरक ओळखते. नुसतं बोट टेकलं तर ती फक्त उजळते, जोर देऊन दाबल्याशिवाय आज्ञा घेत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा ती तुमची हिदाका उठली. अगदी नम्रपणे म्हणाली, एक शंका आहे. हे सुरुवातीपासून असंच होतं का?

मी म्हटलं, नाही, ही सुधारणा आहे.

आधीच्या काचेवर माझं हे बोट टेकलं असतं तर?

पंप बंद झाला असता, मी म्हणालो. मी अजून हसत होतो, दादा. मला पुढचं दिसत नव्हतं.

तिने विचारलं, आणि ही सुधारणा कधी केलीत?

मला उत्तर तोंडपाठ होतं. त्या कामाचा मला अभिमान आहे. मार्च, मी म्हटलं, आणि वर्षही सांगितलं. अपघात त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतला होता. अहवाल निघाला ऑगस्टमध्ये. हे मी सांगितलं नाही, पण मंत्रालयाच्या माणसांपैकी एकाने पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं, म्हणजे अहवाल लिहिताना दोष कुठे आहे ते तुम्हाला माहीत होतं?

मी माझे भाषणाचे कागद गोळा करायला लागलो.

मागच्या रांगेतून ती बाई उठली. प्रवाशांच्या वतीने आलेली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. अगदी लहानखुऱ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, मी युसेई कामिझोनोची आई. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, मी हात लावला तर चालेल का?

मी हो म्हटलं. पंप कुठला ते त्यांना माहीत नव्हतं, मला दाखवावा लागला. त्यांनी बोट काचेवर ठेवलं. चित्र उजळलं. पंप चालू राहिला. त्यांनी बोट काढलं नाही. आम्ही सगळे उभे होतो आणि त्या तशाच होत्या. मग हिदाकाने त्यांचा हात धरला आणि त्यांना बाहेर नेलं.

चौकशी पुन्हा उघडली आहे. मला प्रकल्पावरून काढलं आहे. विमानं तुमची कंपनी घेणार आहे म्हणे, काच चांगली आहे ना. कालपासून मी घरी आहे.

प्रश्न असा: हे तुम्ही एप्रिलपासून ठरवलं होतं का?

नोबुयुकी


कागोशिमा
३० नोव्हेंबर

नोबुयुकी,

हो.

यंदा मार्चमध्ये तुमच्या कंपनीने फुकुओकाच्या प्रदर्शनात ती काच ठेवली होती. हिदाका सुट्टीच्या दिवशी बघायला गेली आणि सवयीप्रमाणे बोट टेकवलं. काही झालं नाही. तिने येऊन मला सांगितलं, सर, तुम्ही म्हणता तशी ही काच नाही. मी तिला पुन्हा जायला लावलं. तिने तिथल्या मुलाला विचारलं की हे कधी बदललं. त्याला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. तुझ्याशिवाय कुणी सांगू शकलं नसतं आणि तुला सरळ विचारलं असतं तर तू सांगितलं नसतंस.

म्हणून मी तुला घाबरवलं. जूनमध्ये लिहिलेला हिदाकाचा प्रश्न तिने विचारलाच नव्हता, मी रचला. तिला काच पंप बंद करत नाही हे आधीच ठाऊक होतं. सहा जणांपैकी एकालाही मी चुकीचं काही शिकवलेलं नाही. काच कुठली आहे ते आधी विचारा, टेकल्यावर दाबली जाणारी असेल तर बोट हवेतच ठेवा, हे पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. तुला हे सुचायला हवं होतं. पण माझ्याबद्दल वाईट विचार करायला तू तयारच होतास.

काच हरावी असं मला कधीच नको होतं. ती जिंकावी आणि ती का जिंकली हे तू कामिझोनोच्या आईसमोर, तुझ्या तोंडाने, टाळ्यांमध्ये सांगावं, एवढंच हवं होतं. तू दोन महिने भाषणाची तयारी केलीस. मला काही करावं लागलं नाही.

तुझी काच आता चांगली आहे. हेही लिहितो, कारण खरं आहे.

ती बाई परतीच्या गाडीत माझ्या शेजारी बसली होती. कागोशिमा आलं. उतरताना म्हणाली, तो नीट काम करत होता. मला विचारत नव्हती. सांगत होती.

सेइजी


नागोया
८ डिसेंबर

दादा,

नोबुयुकीने सगळी पत्रं मला वाचायला दिली. एका बैठकीत वाचली. मधे भात करपला.

तो दिवसभर पुढच्या खोलीत बसून असतो. जेवायला हाक मारली की येतो. टाय आता मला बांधून द्यावा लागत नाही. तुला हे वाचून बरं वाटेल म्हणून लिहिते.

ते वाक्य त्याने लिहिलं, पण मागितलं मी. तू नळ्या लावून पडला होतास. डॉक्टर म्हणाले होते की सांगता येत नाही. आई गेल्यानंतर मला तूच होतास. मी त्या मुलाला ओळखत नव्हते आणि तुला ओळखत होते. त्याला आई असेल हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. सगळ्यांना असते. आज पुन्हा तो मसुदा टेबलावर दिसला तर मी पुन्हा तेच मागेन. तुला हे आवडणार नाही आणि मला त्याचं काही वाटत नाही.

ऑगस्टमध्ये तू लिहिलंस, फुसाएबद्दल वेगळं बघेन. मी तुला लहानपणापासून बघते आहे. शेजारच्या कुत्र्याने तुझा एक बूट नेला तर तू वर्षभर त्याच्याकडे पाहिलं नव्हतंस. तो बिचारा रोज शेपूट हलवायचा. तेव्हा मी बहीण आहे म्हणून तू सोडशील अशी आशा मी धरलेली नाही. सोडणार असलास तर तसं लिही. नसलास तर काय करायचं तेही लिही. असं वाट बघत राहणं मला जमत नाही.

कमरेला थंडीत शेक घेत जा.

फुसाए


कागोशिमा
१३ डिसेंबर

फुसाए,

रविवारी ये. कागोशिमाहून मकुराझाकीची गाडी डोंगराला वळसा घालत जाते, वेळ लागतो, काहीतरी खाऊन नीघ. तिथलं स्टेशन लहान आहे, चुकायला जागा नाही. मी फलाटावर असेन.

कामिझोनोबाईंना सांगितलं आहे की माझी बहीण भेटायला येते आहे. का येते आहे ते सांगितलेलं नाही. ते तू सांगायचं. मी बाहेर थांबेन.

पुन्हा तेच मागेन असं तू मला लिहिलंस, तेही त्यांना सांग. गाळू नकोस.

नोबुयुकीला आणू नकोस. तो शेजारी असला तर तू त्याला बोलायला लावशील.

सेइजी